चारशे बहात्तर

कोरचीच्या पुढं टॉवर नाही.
मोहाखाली मशीन मांडून बसलो,
समोर फळीवर तेंदूचे पुडके वाळत,
सत्तर पानांचा एक.

या मशीनजवळ स्वतःचं काही नसतं.
ते फक्त विचारतं.
खरा आकडा नागपुरात, तीन सर्व्हरांत वाटलेला,
शिवाय प्रत्येकाकडे शेजाऱ्याची एक प्रत,
एखादा पडलाच, तर.
जे वारंवार विचारलं जातं
तेवढं मशीन उशाशी घेऊन झोपतं.

तळाबाई उइकेनं अंगठा टेकवला.
चारशे बारा.
"थे कालचं सांगून रायलं," ती म्हणाली.

खरंच होतं.
आज सकाळी तिच्या लेकीनं
बेडगावच्या फळीवर साठ पुडके दिले होते.
तिथं रेंज आहे. नागपूरला कळलं.
माझ्या मशीनला
जुनं झालंस, असं कुणी सांगितलं नव्हतं.

मी काही बोलायच्या आत
तळाबाईनं मान वळवली:
"भिवरे, माहे किती झाले वं?"
भिवरा वाकानं पुडका आवळत होती,
वर न बघता म्हणाली,
"चारशे बहात्तर. आन् माहे?"
"तीनशे नव्वद."

"आणि भिवराबाई आज आल्या नसत्या तर?"
दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.
"तानीले इचारलं असतं."

संध्याकाळी घाटाच्या वळणावर
मशीन पिशवीत थरथरलं.
चारशे बहात्तर.
गाडी थांबवून बघितलं,
पण मागं जाऊन सांगण्यासारखं काही नव्हतं.