इतर

सव्वाआठला भिंतीवरचा पडदा जागा होतो.
चोवीस खाटा, चोवीस चौकोन.
हिरवा म्हणजे घरी जायला तयार,
पिवळा म्हणजे उद्या-परवा,
तांबडा म्हणजे अजून आपला.

अकरा नंबर एकोणीस दिवस हिरवाच आहे.
डेस्मंड ब्लँचर्ड, वय एक्याऐंशी,
खुबा मोडला होता, बसवला.
ग्रिम्सबीच्या मासळीधक्क्यावर बर्फ फोडण्यात जन्म गेला.
आता व्यायामाच्या खोलीतल्या चार पायऱ्या
रोज दोनदा चढतो आणि उतरतो.
त्या पायऱ्या कुठेच जात नाहीत.
‘वर काय आहे?’ त्याने एकदा विचारलं.
फिजिओ हसली. मी नाही.

उशीर का, तर त्यासाठी एक यादी आहे.
नऊ कारणं, आणि दहावं ‘इतर’.
डेस्मंड इतरमध्ये.
मी हिवाळ्याची बेरीज मांडली :
चारशे बारा दिवस इतरमध्ये जिरलेले.
आई हिशेबाच्या वहीत ‘किरकोळ’ लिहायची,
महिनाअखेरी सगळं घर तिथेच सापडायचं.

म्हणून खुर्ची ओढली, संगणकाकडे पाठ केली.
जिन्याला कठडा बसलाय?
बसला.
पलंग खाली आणलाय?
कधीचाच.
मग?
‘किल्ली,’ तो म्हणाला. ‘शेजारणीकडे.
आणि सकाळचं मोजे घालणं, तेही तीच बघणार होती.
पण महिना झाला, ती फोन उचलत नाही.’
नाव? आयव्ही स्टॅनिलँड.

आयव्ही स्टॅनिलँड दोन मजले वर होती.
पक्षाघाताचा विभाग, खाट सतरा,
त्यांची प्रणाली वेगळी, पासवर्ड वेगळा,
रंगसुद्धा वेगळे : तिथे तयार म्हणजे निळा.
सोळा दिवस निळी.
कारण : इतर.
खाली कुणीतरी बारीक अक्षरात :
बाजारहाट करणारा शेजारी फोन उचलत नाही.

दोन प्रणाली एकाच तळघरात,
एकमेकींना खेटून गरम होत बसलेल्या,
आणि बोलाचाली नाही.

मी त्याला चाकाच्या खुर्चीतून वर नेलं.
लिफ्टमध्ये त्याने केस ओले करून बसवले.
आयव्ही डाव्या हाताने उशीखाली चाचपडली
आणि किल्ली काढली.
‘तुझ्या कुंड्या मेल्या असतील,’ ती म्हणाली, जड जिभेने.
‘तुझ्याही,’ तो म्हणाला.

गुरुवारी एकाच गाडीतून दोघं गेली.
अकरा नंबर चाळीस मिनिटं पांढरा राहिला.

‘इतर’ काढून टाका, असा मी अर्ज केला.
उत्तर आलं : काढता येत नाही,
खालचे आकडे कोसळतील.
खाली एक रिकामी चौकट मात्र देऊ,
शंभर अक्षरांची.

पहिल्याच रात्री, खाट सहासमोर,
रात्रपाळीच्या ओलुचीने लिहिलं :
मांजर. कुणाकडे आहे, विचारते.