बारावी गोष्ट

भारंबे सरांना मी अकरा वेळा मारलंय.
एकदा तापीच्या पुरात,
एकदा भुसावळ यार्डात, कोळशाच्या वाघिणीखाली,
एकदा केळीच्या बागेत, घोणस चावून.
त्या गोष्टीचं मानधनही मिळालं.
दर वेळी नाव बदलायची मी,
कानावरचा तीळ तेवढा ठेवायची.

सहावीत त्यांनी वर्गासमोर माझी वही फाडली.
‘तेलघाण्यावरची पोर, अन् कविता!’
पोरं हसली.
अजून हसताहेत.

परवा फैजपूरच्या स्टँडवर
तो तीळ शेजारी येऊन बसला.
चपलेच्या अंगठ्याला तार,
पिशवीत बामणोदची वांगी.
‘यावल गाडी कितीले व माय?’
साडेसातला, म्हटलं.
पाच मिनिटांनी पुन्हा तेच.
पुन्हा सांगितलं.
चौथ्यांदा त्यांनी एक वांगं
माझ्या हातावर ठेवलं, भाडं दिल्यासारखं.

रात्री त्यांना विहिरीपर्यंत आणलं.
कठडा मी आधीच ढिला करून ठेवलेला.
ते वाकले, खाली पाण्याला विचारलं,
‘यावल गाडी कितीले?’

माफ केलं असं म्हणवत नाही.
वही काही सांधली गेली नाही.
गॅसवर वांगं तडतडत होतं,
सालीचा वास घरभर.
मी कठड्याचे दगड एकेक बसवले
आणि गाडी आणली,
गोष्टीत तरी वेळेवर.