एकशे चाळीस ग्रॅम

एर्मेलिंदाबायचा फ्रिज मी पहिल्यांदा उघडला
तेव्हा माझ्या मिशा काळ्या होत्या.
तिचा नवरा तारवटी. कुठल्याशा बंदरातून
लाकडी खोक्यात घालून आणलेला तो,
चोडणच्या आमच्या वाड्यावरचा दुसरा.
पहिला पाद्रीचा. पण पाद्रीकडे बर्फ मागायला कोण जाणार?

मग त्याच्या पोटात काय काय गेलं.
चवथीच्या आदल्या दिवशी शेजारच्या केरकरांचं दूध,
आणि खालच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळलेले चौरिस.
दोन्ही घरांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही.
सत्यवानाच्या इन्सुलिनच्या बाटल्या.
ट्रॉलर बंद असायचे त्या दिवसांत
मोजून ठेवलेले बांगडे.

मी तीनदा कॉम्प्रेसर बदलला,
दाराचं रबर, थर्मोस्टॅट,
एकदा उंदराने कुरतडलेली वायर.
यंदा मीच म्हटलं, बाय, आता नाही.

ती म्हणाली, मग भाटात ठेव, कोंबड्या बसतील.
भंगारवाला सहाशे द्यायला तयार होता.
त्याची रीत मला ठाऊक आहे. माझीच होती ती.
पक्कड घ्यायची, मागची तांब्याची नळी
चिमटायची नि तोडायची.
फुस्स.
गोडसर वास, मग काहीच नाही.
आणि उरलेलं धूड
अंधार पडल्यावर खाजनाच्या बांधावरून खाली.

तीन वर्षांपूर्वी मानशीचं दार अडलं,
खारं पाणी शेतात शिरलं.
ओहोटीला आम्ही सहाजण कमरेएवढ्या चिखलात उतरलो
आणि ओढून काढला
वॉशिंग मशीनचा ड्रम.
आत एक भलामोठा कुर्ला, नांग्या उगारून,
घरपट्टी भरल्यासारखा.
आतल्या पत्र्यावर खिळ्याने ओरखडलेली
दुरुस्तीची तारीख.
अक्षर माझं.
मी कुणाला बोललो नाही. कुर्ला साईशने घरी नेला.

त्या पावसाळ्यात पणजीत जाऊन बसलो
तीन दिवस, नातवाच्या वयाच्या पोरांत,
गॅस परत कसा ओढायचा ते शिकायला.
मास्तर म्हणाला, शंका विचारा.
माझी शंका त्याच्या उपयोगाची नव्हती.

तर काल तिच्या स्वयंपाकघरात
मी पंप लावला, नळीला सुईचा चिमटा, खाली बाटली.
चाळीस मिनिटं. ती खुर्ची घेऊन बसली.
काटा हळूहळू उतरताना बघत म्हणाली,
डॉक्टर असाच बसला होता रे आमच्या ह्याच्यापाशी.
मग वजन केलं. एकशे चाळीस ग्रॅम.
एवढंच? म्हणाली.
एवढंच, बाय.

फेरीवर तो टेंपोत उभा राहिला,
दोरीने बांधलेला, दाराला चिकटपट्टी.
एका बाप्याने त्याच्यावर कोपर टेकलं, विचारलं,
नवा घेतला?
नाही, म्हटलं, पोचवायला चाललोय.
त्याने कोपर काढून घेतलं.
रायबंदरचा धक्का जवळ आला. साईशने गाडी सुरू केली.

कुंडईच्या शेडमध्ये पोरगी वहीत लिहीत होती:
पत्रा वेगळा, तांबं वेगळं, तेल वेगळं,
आतला पिवळा फोम पिशवीत.
बाटलीवर चिठ्ठी डकवली. मला पावती दिली, अडीचशे रुपये दिले.
माझ्याही खिशात वही आहे, शिकून आल्यापासूनची.
त्यात भरलेल्या ग्रॅमचा रकाना आहे.
सोडलेल्यांचा मी आखून ठेवलाय,
आकडा घालता येत नाही.
तीस वर्षं. वर्षाला किती? कधी मोजले होते?

रात्री तिचा फोन.
मेस्ता, पोचला तो?
पोचला.
आणि तो वारा?
बाटलीत आहे, बाय.
बूच घट्ट लाव, म्हणाली,
आणि मग थोडं थांबून,
त्याच्या मागच्या भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय,
तिथे काय ठेवू?