दोन तासांचं अंतर

घणसोली नाक्यावर भानुशालीच्या दुकानात
मी काउंटरला कोपर टेकून उभी आहे,
आणि माझ्या मागच्या बाईला
माझ्या बाजूने समोरचं कपाट दिसतंय.
हे नवीन आहे. तिला माहीत नाही.

चिठ्ठी आहारवाल्या मुलीने लिहिलेली,
अक्षर गोल, शाळेतल्या वहीसारखं:
कॅल्शियम सायट्रेट. खाली दोन रेघा.
भानुशालीने कार्बोनेट काढलं.
"तेच आहे काकी, वर दीडशेने स्वस्त."
तेच नाही, म्हटलं. त्याला जिरायला आंबट पोट लागतं
आणि माझं आता उरलंय एवढंसं.
अंगठा दाखवला.
त्याला वाटलं, ठेंगा दाखवते.

मग त्याने बाहेरून आलेला डबा ठेवला,
वर दंड फुगवलेला गोरा माणूस, बत्तीसशे रुपये.
मग लहान मुलांची चघळायची अस्वलं, लाल-पिवळी.
मी चष्मा लावून मागचं बारीक वाचलं.
अस्वलात लोह नाही.
हळदीच्या रात्री दीडशे भाकऱ्या थापणारी मी,
मापाला भांडं कधी घेतलं नाही,
आता मायक्रोग्रॅम वाचते.

केस गळायला लागले तेव्हा सगळ्यांना सुचलं.
सोसायटीतल्या लतिकाने बायोटिन सांगितलं,
भाची डोंबिवलीहून शेवग्याची पावडर घेऊन आली,
सहाशेची बरणी.
शेवग्याचा पाला आमच्या परसात होता,
सेक्टर व्हायच्या आधी.
म्हशीला घालायचो.

लोह आणि कॅल्शियम एका वेळी नाही,
मुलगी म्हणाली, एकमेकांना आत शिरू देत नाहीत.
मी म्हटलं, कळलं.
आमच्याकडे दोन जावा होत्या,
एक चुलीपाशी गेली की दुसरी पडवीत.
सासूने मधे दोन तास ठेवले होते,
घड्याळ न बघता.
मुलगी हसली नाही. लिहिलं फक्त: दोन तास.

दुसरी म्हणजे चांगुणा.
तिचंही अंग माझ्याएवढंच,
एका मापाचे ब्लाउज शिवायचो, भांडण असलं तरी.
साखरेने आधी तिच्या पायाचा अंगठा नेला,
मग पाऊल.
मग आम्ही तिच्या दारात मंडप घातला
तो लग्नाचा नव्हता.

दहाव्याला माझ्या पानात वाढलं, दोनदा वाढलं,
आणि मी जेवले.
आठवड्याने वाशीच्या डॉक्टरांचा नंबर लावला.

लोह सकाळी, लिंबूपाण्याबरोबर, चहा जवळपास नको.
कॅल्शियम दुपारी. परत रात्री.
बी-ट्वेल्व्ह जिभेखाली, विरघळेपर्यंत तोंड मिटून.
जन्मात पहिल्यांदा तोंडात काही ठेवलं
आणि गिळलं नाही.

गोळ्या ठेवते मिसळणाच्या जुन्या डब्यात,
सात वाट्या, सात वार.
दोनदा राखेने घासला तरी
मंगळवारची गोळी पिवळी निघते,
हिंगाचा वास गुरुवारी.
नवरा म्हणतो, प्लास्टिकचा डबा मिळतो चाळीस रुपयांत.
मिळतो.

परवा गोठिवलीला पुतण्याची हळद होती.
वडे तळत होते, मटणाचा टोप उघडला,
आणि सगळ्या बायका माझ्या ताटाकडे बघत होत्या.
पाव वडा. तो पण वीस मिनिटं.
कुणीतरी म्हणालं, अगं हिला झालंय तरी काय.
कुणीतरी म्हणालं, दिसते छान.
मी उठून भाकऱ्या थापायला बसले.
हात विसरले नव्हते.
तव्यावरची पहिली भाकरी टम्म फुगली
आणि मला रडू आलं,
भुकेचं नाही. कशाचं ते सांगता येत नाही.

"काकी, कोर्स किती महिन्यांचा?"
भानुशालीने सायट्रेट शोधून काढलं शेवटी,
मागच्या फळीवरून, धूळ पुसत.
कोर्स नाही, म्हटलं. मरेपर्यंत.
त्याने एकदा माझ्याकडे नीट पाहिलं,
मग गल्ल्याखालून वही काढली, कोरं पान उघडलं.
"नाव सांगा."
जयवंती हरेश्वर म्हात्रे.
त्याने लिहिलं, आणि नावापुढे
बरीच जागा सोडली.