हात लावू का?

शेफिल्डमध्ये आमची इमारत ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ.
पूर्वी इथे सुऱ्या-कात्र्यांना धार लावत.
आता तळमजल्यावर रुग्ण येतात, कुबड्या टेकत,
वर आमची प्रयोगशाळा, आणि तिच्याही वर
वर्ग, जिथली खिडकी नीट लागत नाही.
एखादा गुडघा सकाळी खाली रडतो,
दुपारी माझ्याकडे त्याचा आलेख होतो,
आणि गुरुवारी वर फळ्यावर दिसतो, नाव पुसून.

मी ठिपके चिकटवते. हेच माझं काम.
चमकणारे, बोराएवढे, एकोणचाळीस.
घोट्याला, नडगीला, मांडीला, कमरेच्या हाडाला.
बारा कॅमेऱ्यांना माणूस दिसत नाही,
ठिपके तेवढे दिसतात.

आज नजमा आली. सतरा वर्षांची, गोलरक्षक.
बाप टॅक्सी चालवतो, पणजोबा एडनहून
इथल्या पोलादाच्या भट्टीवर आलेले.
शस्त्रक्रियेला एकशे ब्याण्णव दिवस झाले. ती मोजते, मी नाही.
"पेटीवरून उडी मार, दोन्ही पायांवर उतर."
जमिनीतली पट्टी बोलत नाही, पण चहाडी करते:
डावा पाय अजून उजव्यावर ओझं ढकलतोय,
धाकट्यानं दप्तर थोरलीच्या खांद्यावर द्यावं तसा.
"शनिवारी सामना आहे," ती म्हणाली.
मी पडद्याकडे बघितलं. नाही म्हटलं.
मग तिनं माझ्या चालण्याकडे बघितलं, बराच वेळ.
"तुमचाही तुटला होता?"

इस्लामपूर. एक्याण्णवचा जानेवारी.
खांबाला हात देऊन वळले, आणि आत
ओली फांदी मोडावी तसा आवाज.
सर म्हणाले, लचक आहे, चाल थोडी.
विट्याच्या हाडवैद्यानं न विचारता पाय ओढला,
वर रक्तचंदनाचा लेप, तीन आठवडे पट्टी.
आई म्हणाली, बरं झालं,
आता तरी पोरगी घरी बसेल.
बसले.

तो गुडघा आता गुरुवारी तिसऱ्या मजल्यावर शिकवतो.
डॉक्टर अ‍ॅल्डरसन मला पलंगावर बसवतात.
असा न सांधलेला, चौतीस वर्षं तसाच वापरलेला
इथे सहसा मिळत नाही;
पुस्तकात असतो, हाताला लागत नाही.
विद्यार्थी रांगेनं येतात.
एक हात मांडीवर, एक पोटरीमागे, हलकेच पुढे ओढायचं.
"कुठे अडतं का?" अ‍ॅल्डरसन विचारतात.
"नाही अडत," ह्यू म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला,
जशी माझ्या घरातली एखादी खोली
त्यानं चुकून उघडली.

पण आधी प्रत्येक जण विचारतो, नियमच आहे तसा:
हात लावू का?
पहिल्यांदा मला उत्तरच सुचलं नाही.
गुडघा दुखतो का, हे पुष्कळांनी विचारलं होतं.
तो माझा आहे, हे धरून कुणी विचारलं नव्हतं.

नजमाला यातलं काही सांगितलं नाही.
म्हटलं, "हो. तेव्हा कुणी मोजलं नाही."
ती गप्प बसून ठिपके उपटत राहिली,
प्रत्येकाबरोबर एखादा केस, एखादी शिवी.
दारातून म्हणाली, पुढच्या मंगळवारी येते.
शनिवारचं काही बोलली नाही. मीही नाही.

संध्याकाळी कॅमेरे जुळवायचे असतात.
सगळे गेल्यावर ते ठिपके मी स्वतःला लावले
आणि खोलीच्या मध्यावर बसले, उकिडवी,
एक पाय मागे, बोटं जमिनीला, तोंड खिडकीकडे.
गुडघा कुरकुरला. कुरकुरू दिला.
पडद्यावर बाई नव्हती, वय नव्हतं,
थोडे ठिपके, पाठीला बाक,
उठायच्या बेतात.

खो मागूनच येतो.
वळून बघायचं नसतं.