सारखं थांबणं

सुदामानगर, ई सेक्टर, तिसरा मजला.
तक्रार फोनवर आली ती अशी:
"साठ दाखवून राहिलंय, पण टोचतंय."
तक्रार आजोबांची. खेळते नात.

अन्वितानं ट्रक सुरू केला.
बर्फाचा रस्ता, दोन्हीकडे काळी सुरूची झाडं,
कोपऱ्यात हिरवा आकडा. साठ. साठ. एकोणसाठ. साठ.
"बघा ना ताई, काही नाहीये. आबांना उगाच दिसतं."

मुळ्येआबा भिंतीला टेकून बसलेले,
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा राहिलेला.
"आत्ता," ते म्हणाले.
मग थोड्या वेळानं, "आत्ता."
मग नुसतंच, "हं."
मी घड्याळ लावलं. दर चौथ्या सेकंदाला.

मला दिसलं नव्हतं, खरं सांगते.
जेल रोडवर अकरा वर्षं काढून
मीही त्या हिरव्या आकड्याकडेच बघत होते.
आकडा सरासरीचा. सरासरी म्हणजे घरातली थोरली सून,
बाहेरच्याला विचारू द्या, सगळं ठीकच सांगणार.
एकेका फ्रेमचा वेळ मोजणारा आलेख लावला
तेव्हा घर आतून दिसलं:
सेकंदात चित्रं साठ येत होती, ते खोटं नव्हतं,
पण कोणी नऊ मिलिसेकंदांत धावत, कोणी चोवीस लावून,
आणि चार सेकंदांनी एक
दाराशी चप्पल शोधत उभं.

ड्रायव्हर पुसून नव्यानं घातला. तसंच.
रॅमची कांडी दुसऱ्या खाचेत. तसंच.
माऊस बदलला, वीज वाचवायची सेटिंग काढली
(एका वेळी एकच गोष्ट बदला, असं मी पोरांना शिकवते). तसंच.

आबा बोलत होते. मला म्हणून नाही.
जिन्सीकडे टॉकीज होती, तिथे आता लग्नं लागतात.
वरच्या खोलीत एकतीस वर्षं.
"लोकांना वाटतं फिल्म पळते.
पळत नाही हो. थांबते.
खिडकीसमोर, सेकंदाला चोवीस वेळा, सारखी.
थांबणं बिघडलं की चालणं बिघडतं.
लूप लहान पडला तर खाली नुसती कुजबुज,
कशाचा त्रास होतोय ते कुणाला सांगता यायचं नाही.
मला तळपायाला कळायचं."

मग दिवे दिसले.
डब्यातले पंखे, इंद्रधनुष्य ओकणारे,
आणि त्यांचा एक चिमुकला प्रोग्राम
जो दर चार सेकंदांनी एकेकाला विचारत होता:
किती तापलास? कुठला रंग लावू?
आणि तेवढ्या उत्तरासाठी
अख्खं यंत्र हातातलं काम टाकून उभं राहत होतं.

बंद केला.
साठाला वेसण घातली.
आलेखाची करवत होती, तिची पट्टी झाली.

ट्रक बोगद्यात शिरला, बाहेर आला.
आबा बराच वेळ गप्प.
"बसला लूप," म्हणाले, आणि चहा आणायला उठले.

कपबशी वाजत आली.
दोनदा लवकर, एकदा उशिरा, मग नाहीच,
मग दाराच्या चौकटीशी पुन्हा.
मी ऐकलं. त्यांनी ऐकलंच असणार,
तळपायानं ऐकणारा माणूस.
पिशवीत माझ्या पेचकस होते, ब्रश होता,
त्याच्यावर काही नव्हतं.
बशीतला चहा मी कपात परत ओतला. शेव छान होती.

"पण ताई, रंग?"
पंखे लालवर अडकले होते. सगळे.
दुसरा प्रोग्राम शोधावा लागेल, मी म्हटलं, वेळ लागेल.
"असू दे," आबा म्हणाले,
"बाहेर जायच्या दारावर असाच असायचा.
अंधारात तेवढाच."

अन्विता काही बोलली नाही.
पुढे वळण होतं,
तिनं ट्रक जरा हळू घेतला.