उरलेले साठ हजार

बातुमीत, बंदरामागच्या गल्लीत, माझं दुकान
म्हणजे एक खिडकी आणि खिडकीआड मी.
पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचो.
आता लोक फोनमध्ये वेळ बघतात,
म्हणून इतरांनी वापरून सोडलेले कॅमेरे विकतो.

सप्टेंबरात शिकारी पक्षी दक्षिणेला निघतात,
ढगच्या ढग,
आणि त्यांच्यामागे पाहुणे, तोफेएवढ्या लेन्स खांद्यावर.
टेकडीवर त्यांना पाव विकणारी त्सिआला
एका मंगळवारी खिडकीशी येऊन उभी.
सातशे चाळीस लारी. नोटांना पीठ लागलेलं.
"यात काय येतं, ओतारी?"

माझं ठरलेलं भाषण सुरू केलं.
मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नको,
तो लग्नातल्या मानपानासारखा,
दुसऱ्या दिवशी कुणाला आठवतो?
बॉडी म्हातारी चालेल, काच चांगली हवी.
हा बघ, खोक्यातला, कोराच; त्याची लेन्स जरा अंधारी.
आणि हा आठ वर्षांचा. जड. कोपरे घासलेले.
याला पन्नासची लेन्स, झूम नाही.
ज्याला झूम परवडत नाही
त्यानं पायांनी जवळ जावं.

या वाक्याला बहुतेक गिऱ्हाइकं हसतात.
ती हसली नाही.
दोन्ही कॅमेरे दोन तळव्यांवर घेऊन
डोळे मिटून तोलत राहिली,
जसा कणकेचा गोळा तोलतात.
"हा पोकळ आहे," म्हणाली,
आणि कोरा मला परत दिला.

मग विचारलं,
"हा आजवर किती वेळा उघडलाय?"
असं विचारणारे कमी.
मी खोटं बोलू शकलो असतो.
चाळीस हजार वेळा, म्हटलं.
"आणि उरलेत किती?"
साठेक हजार. कदाचित. तुझे-माझे सांगता येतात का?

ती बोटांच्या पेरांवर मोजू लागली.
कोपरापर्यंत भाजल्याचे डाग, जुने, नवे, त्यांवर नवे.
"रोज नव्वद पाव थापते मी भट्टीच्या भिंतीला.
साठ हजार म्हणजे बावीस महिने.
इतके पाव, आणि दुपारनंतर एकही बघायला उरत नाही."
थोडं थांबून:
"हे जपून वापरेन. दिवसाला दहा.
सोळा वर्षं जातील. तोवर माझे गुडघेही जातील."

ससाण्यांचे फोटो काढायचेत ना? मी सावध केलं,
पन्नासच्या लेन्समध्ये ससाणा म्हणजे माशी.
माझ्या मनात दुधाची तहान ताकावर वगैरे.
"ससाणे त्यांचे," ती म्हणाली.
"पहाटे भट्टीत वाकलं की तळाशी एक रंग असतो.
लाल नाही. लालच्या आधीचा.
माना वर करून उभ्या असलेल्यांना
तो कधी दिसलेला नाही."

काच निखाऱ्यावर धरू नको, एवढंच मला सुचलं.

आठशे सांगितले होते, सातशेला दिला.
उपकार कसला, मला तो सव्वापाचशेला पडला होता.

कार्डात आधीच्या मालकाचा एक फोटो राहिलेला:
ओली फरशी, अर्धा बूट,
चुकून दाबलं गेलेलं बटण.
पुसून देऊ?
"राहू दे. पहिली चूक कुणाची तरी होऊन गेलीये,
आता माझा हात थरथरणार नाही."

ती चाळीसच्या बसनं गेली, कॅमेरा पदराखाली नाही,
पावाच्या रिकाम्या टोपलीत, कापडात गुंडाळून.

नोटा मोजताना माझी बोटं पांढरी झाली.
संध्याकाळपर्यंत ज्याला ज्याला हात लावला
त्यावर पिठाचा ठसा.
लेन्सवरचे पुसले.
काळ्या बॉडींवरचे तसेच ठेवले,
का, ते विचारू नका.